पुढची गाठ

तांदळाच्या आंबवलेल्या धुवणाचं कोमट पाणी फंगल्यानच्या टाळूवर पडलं आणि मूठभर केस सुटून सरळ नदीला लागले.

"पकड! अगं, चालले बघ!" सासू ओरडली.

फंगल्यानला पकडता येईना. उरलेले केस सासूच्या मुठीत होते आणि दोन पावलं टाकली की डोकं मागे ओढलं जाई. शेवटी सासूच घागरा खोचून पाण्यात शिरली. मूठ मात्र तिनं सोडली नाही, त्यामुळे सुनेलाही वाकून तिच्या मागोमाग जावं लागलं.

"काय हो, सुनेला पाणी दाखवायला आणलंय का?" पलीकडच्या खडकावरून कपडे धुणारी एक जण म्हणाली.

"तुझ्या सुनेपेक्षा बरी आहे. मारत तरी नाही," सासूनं सांगितलं आणि काठच्या झाडाच्या मुळीत अडकलेले केस सोडवून घेतले.

त्यांच्या गावात गळलेला केस टाकून द्यायचा नसतो. गुंतवळ विंचरून, जुळवून त्याची वेणी करायची आणि परत डोक्यावरच गुंडाळायची. त्यामुळे फंगल्यानच्या डोक्यावरचे केस कमी झाले नव्हते. त्यातले डोक्याला धरून असलेले तेवढे कमी झाले होते. गावातल्या दोघी-तिघींनी तर अंबाडा भरल्याबद्दल तिचं कौतुकही केलं होतं.

"बाळंतपणानंतर गळतातच," सासू म्हणाली आणि लगेच केस पिळायला लागली. ते आधीच पिळून झाले होते.

मुलगी थंडीत झाली आणि महिना भरायच्या आत गेली. केसांना हे कुणी कळवलं नव्हतं. ते ठरल्या वेळी गळायला लागले होते.

उन्हात केस वाळेपर्यंत दुपार झाली. मग फंगल्याननं डोक्यावर पहिला वळसा घेतला तो जिवंत केसांचा, दुसरा रीतीप्रमाणे अठराव्या वर्षी एकदाच कापून ठेवलेल्या केसांचा, तिसरा गुंतवळाचा. शेवटी गाठ मारायला तिचे हात कपाळाकडे गेले.

"ती राहू दे आता," सासू म्हणाली.

"राहू दे म्हणजे?"

"म्हणजे बांधू नकोस. पुढची गाठ मूल असलेल्या बाईची असते. सणाला सगळं गाव जमेल. त्याच्या आत सोड. लोकांनी बोलायच्या आत आपणच सोडलेली बरी."

"लोक काय बोलतात?"

"अजून काही नाही. म्हणून तर म्हणते."

सासूनं म्हाताऱ्या बायकांना विचारून पाहिलं होतं. एक म्हणाली, सोडावी. दुसरी म्हणाली, पुन्हा दिवस जाईपर्यंत सैल बांधावी. सगळ्यात म्हातारीनं दोन दिवस विचार केला आणि मग प्रश्न काय होता ते विचारलं.

फंगल्याननं गाठ बांधली. घट्ट.

"मूल झालं होतं मला, आई."

"होतं," सासू म्हणाली.

गावातल्या बायकांचे लांब केस बघायला येणाऱ्या पाहुण्यांची बस दुपारच्या खेळाला आली. फंगल्यान नदीकाठच्या रंगमंचावर रोज उभी राही. बायका केस सोडत, विंचरत, परत बांधत. निवेदन करणारी मुलगी माइकवरून सांगे, की जिच्या कपाळावर गाठ ती आई. हे कळलं, की पाहुण्यांना पुढचं विचारल्याशिवाय राहवत नसे.

पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, मुलगा की मुलगी. ती म्हणाली, मुलगी. केवढी? तिनं हिशेब करून सांगितलं. हिशेब बरोबरच होता. तेव्हापासून घरी जिचा विषय निघत नसे ती पोर रंगमंचावर वाढू लागली. ती हसली, कुशीवर वळली, पालथी पडली. गेल्या आठवड्यात तिला सर्दी झाली होती, पण दोन खेळांत उतरली.

आज खेळात उभी राहणारी शेजारीण तापानं पडली म्हणून सासू तिच्या जागी आली होती. ती सुनेच्या मागेच फणी घेऊन उभी राहिली. पहिल्या रांगेतल्या टोपीवाल्या बाईनं हात वर केला. फंगल्याननं मूल नाही म्हणावं, तर गाठ कपाळावर होती.

"केवढं आहे हो बाळ?"

फणी मध्येच थांबली.

"पाच महिन्यांची झाली," फंगल्यान हळू आवाजात म्हणाली.

"अगंबाई! बसते का?"

"बसते की."

"दात?"

"हिरड्या शिवशिवतात. हाताला लागेल ते चावते."

तिला थांबवायला सासूला काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. केस तिच्याच हातात होते, एक झटका पुरला असता.

"आणि नाव काय?"

फंगल्याननं तोंड उघडलं. वय मोजता येत होतं, दातांचा अंदाज करता येत होता. पण महिना भरल्याशिवाय बाळाला नाव ठेवत नाहीत. निवेदन करणारी मुलगी माइक पुढे धरून थांबली होती. टोपीवाली हसत वाट बघत होती. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी हसायच्या थांबल्या.

सासूनं फणी परत टाळूला लावली आणि सावकाश खाली, पार जमिनीपर्यंत नेली.

"शुएमेई," ती म्हणाली. आवाज चिरका होता, माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"किती गोड!"

"आणि बसते-बिसते काही नाही," सासू म्हणाली. "आईला आपलं कौतुक. लवंडते अजून."