लिनेओच्या बाबांचा डावा गुडघा

मी रबराची पिशवी आहे. गरम पाणी भरून दुखऱ्या जागेवर ठेवतात, ती. आमच्या तोंडाला जन्मभर बूच असतं, त्यामुळे बोलायची सवय नाही. माझं बूच परवा चुलीत पडून जळालं, म्हणून हे सांगता येतंय.

जन्म कारखान्यातला. कोणत्या देशातला ते ठाऊक नाही. पाठीवर शिक्का होता, तो पहिल्याच थंडीत पुसला गेला. मासेरू शहरातल्या एका दुकानात मी चपटी होऊन लटकत होते. तिथून मला लिनेओने घेतलं. ती तिथल्या कापडाच्या कारखान्यात पँटींचे खिसे शिवते. तिने मला एका स्वेटरमध्ये गुंडाळलं आणि डोंगराकडे जाणाऱ्या गाडीत ठेवून दिलं. आईसाठी. वडिलांचं नाव काढलं नाही, कारण वडिलांना काही दुखतं हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत सगळ्यांना होतं, पण बोलायचं नव्हतं.

वडील म्हणजे खोआबाने. उमेदीची सगळी वर्षं त्याने सरहद्दीपलीकडच्या सोन्याच्या खाणीत काढली. तिथे काही ठिकाणी छत इतकं खाली की माणसाने गुडघ्यांवरच वावरायचं, नाहीतर आडवं होऊन. सोनं त्यांनी ठेवून घेतलं आणि गुडघे याला परत दिले.

घरी आल्यावर त्याने एक काळा घोडा घेतला, रान्त्सो. गावात चालत जाणारा खोआबाने कुणी पाहिलेला नव्हता. शेजारी जायचं तरी घोडा. लोकांना वाटे, खाणीतून आल्यापासून हा ताठला आहे. ते एका अर्थी खरंच होतं.

मला पाहून तो म्हणाला, "ही बायकांची वस्तू."

"तुमच्यासाठी आलेलीच नाही," मालिनेओ म्हणाली. लिनेओची आई ती मालिनेओ. तिचं स्वतःचं नाव लग्नानंतर कुणी घेतलं नाही. तिचेही गुडघे कुरकुरत, पण ती कुरकुर ऐकवणाऱ्यांपैकी होती.

पहिल्या दिवशी तिने माझ्यात उकळतं पाणी ओतलं आणि मला उघड्या कातडीवर ठेवलं. गुडघा भाजला. माझा इलाज नव्हता; माझ्यात जे भरतात तेच मी देते. भाजलेलं दाखवायला ती मलाही घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात गेली आणि घोड्यावर मागे बसून जायचं म्हणून खोआबानेलाही जावं लागलं.

तिथे पुलेंग नावाची मुलगी होती. ती औषध देत नसे, व्यायाम शिकवी. तिने मालिनेओला मलम लावणाऱ्या बाईकडे पाठवलं आणि खोआबानेकडे पाहत राहिली.

"बाबा, तुम्ही खुर्चीत बसलात की खुर्चीत पडलात?"

"मी हिच्यासोबत आलोय."

"ते कळलं. गुडघा कुठला? डावा?"

तो खिडकीबाहेर पाहू लागला. खिडकीबाहेर भिंत होती.

"तुमचा नाहीच दुखत समजा," पुलेंग म्हणाली. "ज्याचा दुखत असेल त्याला सांगा. पाणी गरम हवं, उकळतं नको. पिशवीला फडकं गुंडाळायचं. चुलीवर मक्याच्या पिठाचा पापा शिजायला लागतो तेवढाच वेळ शेकायचं, ती ठेवून झोपायचं नाही. शेकल्याने झिजलेलं भरून येत नाही. गुडघा मोकळा होतो, मग त्याने चालायचं. नुसतंच शेकत बसलात तर गुडघा आहे तिथेच राहील."

"सांगतो त्याला," खोआबाने म्हणाला.

त्यानंतर माझी दोन आयुष्यं सुरू झाली. संध्याकाळी मी मालिनेओची. दुपारी ती मोहरीचा पाला खुडायला परसात गेली की मी खोआबानेची. तो चुलीवर पाणी तापवून माझ्यात भरी, दार लावी, पँट वर करी. तो गुडघा मी जवळून पाहिला आहे. कोबीच्या गड्ड्यासारखा सुजलेला, बाजूला जुन्या जखमेचा पांढरा वण. मी टेकले की तो डोळे मिटी आणि त्याच्या तोंडातून एक आवाज निघे. तसा आवाज मी त्याच्याकडून एरवी कधी ऐकला नाही. मग तो मला रिकामी करून खिळ्याला टांगून ठेवी, जशी होते तशी.

चालायचं मात्र राहून गेलं. चालला असता तर कुणीतरी पाहिलं असतं.

मालिनेओला सगळं माहीत होतं. बूच तो इतकं घट्ट लावी की तिला ते दातांनी उघडावं लागे. ती दुपारी परसात जाताना चुलीवर पाणी ठेवून जाऊ लागली.

अशी ती थंडी अर्धी गेली असेल, तेव्हा मान्तोआचं प्रकरण निघालं. मान्तोआ खोआबानेच्या धाकट्या भावाची विधवा. नवऱ्यामागे तिच्याकडे ओढ्याकाठचं एक शेत राहिलं होतं. चुलतदीर लेबेको म्हणू लागला, ते शेत भावाला कसायला दिलं होतं, कायमचं नव्हे. आता ते माझं. जुन्या सरदाराने ते शेत ज्यांच्यादेखत दिलं, त्यांतला एकच माणूस जिवंत होता. खोआबाने. सरदार वारल्यापासून त्याची बायको मासेनाते गाव पाहत होती. तिने सभा बोलावली.

सभेच्या दिवशी जमिनीवर दहिवर गोठलं होतं. खोआबाने दारासमोरच्या खडकावर चढला आणि खडकावरून घोड्यावर. मालिनेओने मला भरलं, फडकं गुंडाळलं आणि घोंगडीच्या आत पोटाशी धरून ती मागून चालत निघाली. वाटेत मला सगळं ऐकू येत होतं, मुख्यत्वे तिचे गुडघे.

पोचलो तेव्हा सभा जमली होती. गडी एका बाजूला, बाया एका बाजूला, मध्ये मासेनाते खुर्चीवर. आणि सगळ्यांच्या समोर खोआबाने, घोड्यावर.

सरदारासमोर कुणी घोड्यावर बसून राहत नाही. उतरायचं, टोपी काढायची, मग बोलायचं. टोपी त्याने काढली होती.

"खोआबाने," मासेनाते म्हणाली, "तुझा घोडा थकला असेल."

"नाही, मोरेना." सरदाराला, मग ती बाई का असेना, आमच्याकडे मोरेनाच म्हणतात.

"मग मी थकलेय. वर बघून माझी मान दुखते. उतर."

तो हलला नाही. थंडीत इतका वेळ रिकिबीत राहून गुडघा गोठला होता. त्याने पाय काढायचा प्रयत्न केला तो फक्त रान्त्सोला समजला. घोड्याने कान मागे केले.

लेबेको उभा राहिला. "मोरेना, हा साक्षीदार बघून घ्या. तुमच्यापुढे खाली उतरायची याची तयारी नाही. कायदा काय सांगणार हा? आणि शेत मागतोय कुणासाठी, तर स्वतःच्या भावजयीसाठी."

लोक कुजबुजले. मासेनाते म्हणाली, "घोड्यावरच्या माणसाचं मी ऐकणार नाही. साक्षीदार नाही असं समजून निकाल देते."

मान्तोआ बायांच्या पहिल्या ओळीत बसली होती. ती खोआबानेकडे बघत नव्हती. हातातली काडी मोडून तिचे आणखी तुकडे करत होती.

मालिनेओने मला इतकं आवळलं की बूच उडेल असं मला वाटलं. ती बोलली असती तर दोन वाक्यांत सुटलं असतं. ती बोलली नाही. नंतर तिने बहिणीला सांगितलं, "त्यांचा गुडघा, त्यांनी सांगायचा."

"मोरेना," खोआबाने म्हणाला. आवाज नेहमीचाच होता, जरा खाली. "अपमान नाही. मला उतरता येत नाही."

"का?"

"गुडघा वाकलाय तो सरळ होत नाही. खाणीतला आहे. बरीच वर्षं झाली."

"मग चढलास कसा?"

"खडकावरून."

"इथे खडक नाही."

"तेच बघत होतो, मोरेना."

कुणी हसलं नाही. मासेनातेने त्याच्याकडे पाहिलं, मग गड्यांकडे. "बसलात काय? उतरवा त्याला."

चौघांनी त्याला लोकरीच्या पोत्यासारखं खाली घेतलं. पाय वाकलेलाच राहिला होता, त्यामुळे त्याला बसल्या आकारातच एका ओंडक्यावर ठेवलं. मालिनेओ सगळ्या सभेच्या मधून चालत गेली, तिने घोंगडीतून मला काढलं आणि त्याच्या डाव्या गुडघ्यावर ठेवलं.

"लिनेओच्या बाबा, आता बोला."

भर सभेत गुडघ्यावर बायकांची वस्तू घेऊन तो बोलला. शेताची हद्द, जुन्या सरदाराचे शब्द, कुठल्या दगडापाशी कोण उभं होतं, सगळं. मी गार होईपर्यंत बोलला. लेबेकोने मध्ये एकदा तोंड उघडलं तर मासेनाते म्हणाली, "खाली बस. तुला तर बसता येतं." शेत मान्तोआकडेच राहिलं, ती आहे तोवर.

सभा उठताना मासेनातेही उठली, खुर्चीचे दोन्ही हात धरून, टप्प्याटप्प्याने. मालिनेओजवळून जाताना हळूच म्हणाली, "ती पिशवी कुठे मिळते?"

तिला तिची पिशवी मिळेपर्यंत मीच तिच्याकडे जाऊ लागले. मग आणखी काही घरांत. त्या गावात इतके गुडघे होते याची मला कल्पना नव्हती. इतके दिवस सगळे धडधाकट होते.

खोआबाने दुपारचा शेक घेऊन चालू लागला. आधी गोठ्यापर्यंत, मग मान्तोआच्या शेतापर्यंत. गुडघा बरा झाला असं म्हणणार नाही. पुलेंगने सांगितलंच होतं, तो भरून येणारा नाही. पण आता तो लंगडतो ते उघड्यावर, आणि कुणी विचारलं तर "दुखतोय" म्हणतो.

माझं म्हणाल तर मानेपाशी तडा गेला, मग ते बुचाचं झालं. लिनेओने नवी पिशवी पाठवली आहे, विणलेला अंगरखा घातलेली. तिला मी काय सांगणार? उकळतं पाणी घेऊ नकोस, एवढंच. तुम्हालाही तेवढंच सांगणं, आणि हे की तुमच्या घरचं म्हातारं माणूस काही होत नाही म्हणालं, तर ते बसतं कसं, उठतं कसं, ते बघा.

मला टाकलं नाही. मालिनेओने मान कापून मला उघडलं आणि पसरट केलं. जमीन सारवताना ती मला गुडघ्यांखाली घेणार होती. या वेळी तिच्याच्याने खाली बसवेना. खोआबाने काही न बोलता शेण-मातीची बादली घेऊन आत गेला, त्याने मला जमिनीवर टाकलं, मग तो कुशीवर कलला आणि खाणीत काम करावं तसा आडवा होऊन सारवू लागला. आमच्याकडे पुरुष सारवत नाहीत. बाहेरून दोन बाया पाण्याच्या घागरी घेऊन चालल्या होत्या, त्या थबकल्या.

"दार लावू?" मालिनेओने विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला. "लवकर वाळेल."