इथला दिवा जरा पिवळा आहे

आमच्या मजल्यावर एक वाक्य होतं आणि त्याचा अर्थ फक्त अक्काला आणि मला कळायचा. समजा, एखादी बाई ड्रेस घालून ट्रायल रूममधून बाहेर आली, आरशासमोर उभी राहिली, आणि तो ड्रेस तिला अजिबात शोभत नाही. गिऱ्हाइकाला तोंडावर "हे तुम्हाला वाईट दिसतंय" म्हणायची सोय नसते. बरं, वाईट दिसणारं गळ्यात मारावं, तर घरचे लोक नाकं मुरडतात आणि ती बाई पुन्हा आपली पायरी चढत नाही. म्हणून आमच्यापैकी एकीनं दुसरीला म्हणायचं, "अगं, इथला दिवा जरा पिवळा आहे, नाही?" दुसरीनं काय ते समजायचं आणि आत जाऊन वेगळा ड्रेस घेऊन यायचं. दोष दिव्याचा. बाईचं मन राहिलं, दुकानाचं नाव राहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अक्का माझी सख्खी बहीण नव्हे. मी कामाला लागले तेव्हा ती त्या मजल्यावर आधीपासून होती आणि मला घडी घालण्यापासून सगळं तिनंच शिकवलं, म्हणून अक्का. मोठ्या रस्त्यावरच्या कोपऱ्यावरचं आमचं दुकान. पहिला मजला पुरा बायकांच्या कपड्यांचा. मागच्या खोलीत आमचा स्वतःचा शिंपी बसायचा. बाही आखूड वाटली तर गिऱ्हाईक चहा पिईपर्यंत तो बाही उसवून लांब करून द्यायचा. लेकीला घेऊन आलेल्या बायका पुढं लेकीच्या लेकीला घेऊन यायच्या.

मग थोरले मालक गेले आणि धाकट्या मालकांनी खरेदी हेड ऑफिसकडे दिली. हेड ऑफिस म्हणजे काचेच्या इमारतीत बसून उंटावरून शेळ्या हाकणारी मंडळी. ती फोटो बघून कपडे निवडायची. फोटोतली पोरगी विशीतली, काडीसारखी. कपडा तिच्यावर झकास दिसायचा, पण ती पोरगी आमच्या दुकानात कधी आली नाही. यायच्या त्या चाळिशी-पन्नाशीच्या बायका. त्यांना बाह्या हव्या असायच्या, अस्तर हवं असायचं, रुमाल ठेवायला एक खिसा हवा असायचा. हळूहळू बाह्या गेल्या, अस्तर गेलं, खिसे गेले. चेन बाजूची होती ती पाठीवर गेली. एकट्या राहणाऱ्या बाईला पाठीवरची चेन लावता येत नाही, एवढं ज्याला कळत नाही त्यानं बायकांचे कपडे विकायला बसू नये. मी हे धाकट्या मालकांना एकदा बोलून दाखवलं होतं. ते म्हणाले, "बघू." त्यांचं 'बघू' म्हणजे कायमचं 'नाही'. शेवटी 'फ्री साइज' आली. फ्री साइज म्हणजे कुणालाच न बसणारी साइज, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

त्या दिवसांत अक्काची नि माझी तोंडं दुखायची. जो ड्रेस अंगावर चढेल तो पिवळ्या दिव्याचा. "दिवा पिवळा आहे," मी म्हणायची. अक्का आत जायची आणि त्याच जातीचा दुसरा घेऊन यायची. मग ती म्हणायची, "दिवा पिवळा आहे," आणि मी आत जायची.

त्यात आमचे नवे साहेब आले. गुळगुळीत दाढी, हातात टॅब, आणि गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायचं असं कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये शिकून आलेले. त्यांनी दोन दिवस मजल्यावर उभं राहून ऐकलं. तिसऱ्या दिवशी माणसं शिडी घेऊन आली आणि सगळीकडे पांढरे दिवे लावून गेली. साहेब खूश. "दिव्याची तक्रार फार होती," ते आम्हाला म्हणाले, "आता विक्री बघा." रोग रेड्याला आणि औषध पखालीला. त्या पांढऱ्या उजेडात प्रत्येक बाई आजारातून उठल्यासारखी दिसायला लागली. आरशात एकदा बघायची, पर्स उचलायची, चालू पडायची. अक्का आणि मी मागच्या खोलीत जाऊन पोट दुखेपर्यंत हसलो. मग अक्का म्हणाली, "हसतेस काय, आपलंच मरण आहे हे." ती कधी खोटं बोलली नाही, गिऱ्हाइकांशी सोडून.

आधी उशा आल्या आणि अर्धा मजला गेला. मग सुगंधी मेणबत्त्या, मग फोनची कव्हरं. आम्ही खिडकीकडून भिंतीकडे सरकत गेलो. शिंप्याला काढलं. मग अक्का निवृत्त होऊन मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेली. फोनवर बोलते, पण तिला आता ऐकायला कमी येतं. मी काही सांगितलं की म्हणते, "जेवलीस ना? मग झालं." तिच्या जागी कुणी नेमलं नाही.

माझं घर म्हणजे दोन खोल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. सकाळी दार ओढून घेतलं की संध्याकाळी ते मीच उघडायचं. मी रडूबाई नाही. पण दिवसभर मजल्यावर उभं राहायचं आणि कुणी काही विचारलं तर "मेणबत्त्या कुठं आहेत?" एवढंच, हे मला खायला उठायचं.

एक हेडबाई तेवढ्या यायच्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. नाव पावतीवर असायचं, पण आम्ही दोघी त्यांना हेडबाईच म्हणायचो, कारण त्या आल्या की आपसूक पाठ ताठ व्हायची. ऋतू बदलला की एक कपडा घ्यायच्या. नवरा होता तेव्हा तो खाली खुर्चीत पेपर वाचत बसायचा. तो गेल्यावर एकट्या यायला लागल्या आणि जरा जास्त वेळ थांबायला लागल्या. मजल्यावर माझ्याशी बोलणारी तेवढी एकच व्यक्ती उरली होती. शाळेतल्या पोरांचे किस्से सांगायच्या, माझ्या गुडघ्याची चौकशी करायच्या, "अहो, बसा की जरा," म्हणायच्या. बसायला मनाई होती, तरी मी बसायची.

वसंत संपता संपता साहेबांनी सांगितलं, बायकांचे कपडे बंद. शनिवार शेवटचा. सोमवारपासून मी खाली, चादरी आणि उशांच्या अभ्र्यांमध्ये. नोकरी राहिली, तेव्हा तक्रार कसली? दगडापेक्षा वीट मऊ. पण माझ्या मनात एकच घोळत होतं, की हेडबाई आता येणार कशाला? इतक्या वर्षांत मला त्यांचं घर ठाऊक नव्हतं. आपण मैत्रीण म्हणून त्यांना काही विचारावं, तर मी दुकानातली बाई आणि त्या गिऱ्हाईक. मला त्या यायला हव्या होत्या. बस्स, एवढंच मला हवं होतं.

शनिवारी दुपारी त्या आल्या. रॅकवर उरलंसुरलं लोंबत होतं आणि जिन्याशी 'आज शेवटचा दिवस' अशी पाटी होती.

"मुलाचं लग्न ठरलं, तिकडेच, त्याच्या नोकरीच्या गावी," त्या म्हणाल्या. "काहीतरी बरं दाखवा. साडी आता मला आवरत नाही. फार चमचम नको."

मी उलथापालथ केली आणि त्यातल्या त्यात एक ड्रेस काढला. फिका हिरवा, बाह्या कोपरापर्यंत. त्या ट्रायल रूममध्ये गेल्या. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "अहो, ही चेन जरा लावता का?"

मी पडदा सारून आत गेले. चेन पाठीवरची, अर्ध्यावर अडकलेली. मी ती वर ओढली तेव्हा माझी बोटं त्यांच्या पाठीला लागली. त्या दचकल्या, मग म्हणाल्या, "काही नाही. सवय राहिली नाही." ती सवय मलाही राहिली नव्हती.

त्या बाहेर येऊन आरशासमोर उभ्या राहिल्या. खांदे उतरलेले, पोटावर कापड ताणलेलं, आणि वरून तो पांढरा उजेड. त्या हिरव्या रंगात त्यांचा चेहरा पार विझून गेला होता. मुलाच्या लग्नात त्या अशा उभ्या राहणार, चार माणसं बघणार, फोटो निघणार. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "अगं अक्का, इथला दिवा जरा पिवळा आहे, नाही?"

मजल्यावर मी आणि त्याच होतो. पलीकडे मेणबत्त्या.

हेडबाईंनी मान वर करून छताकडे बघितलं. मग आरशातूनच माझ्याकडे बघितलं, शाळेत कॉपी पकडल्यावर बघत असतील तसं.

"दिवा पांढरा आहे," त्या म्हणाल्या.

मी रॅककडे वळले.

"तुमची अक्का पण हेच म्हणायची. मागं तो तपकिरी कोट घातला तेव्हा. त्याच्या आधी त्या फुलाफुलांच्या ड्रेसच्या वेळी. आणि लगेच दुसरा कपडा यायचा." त्या वळल्या. "म्हणजे दिवा कधी पिवळा नव्हताच?"

"होता थोडासा," मी म्हणाले.

"मी घरी नवऱ्याशी भांडून आरशावरचा दिवा बदलून घेतला होता. म्हटलं, दुकानातल्या बायका सांगतात, पिवळ्या उजेडात माणूस वाईट दिसतं. तो बिचारा स्टुलावर चढला होता."

मला हसू आलं आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाई, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हणायचो. त्यात कपट नव्हतं."

"ते कळलं मला. मूर्ख नाही मी." त्या पुन्हा आरशाकडे वळल्या. "आता सरळ सांगा. कसं दिसतंय?"

सगळ्या नोकरीत मी हे एकदाही केलेलं नव्हतं. हा ड्रेस विकला असता तर बदलून घ्यायला तरी त्या पुन्हा आल्या असत्या, हेही डोक्यात येऊन गेलं. पण त्यांनी विचारलंच असं, की खोटं जिभेवर येईना.

"वाईट दिसतंय," मी म्हणाले. "खांद्यात बसत नाही. रंग तुमचा नव्हे. आणि मजल्यावर यापेक्षा बरं काही उरलेलं नाही."

"मग लग्नात काय घालू?"

"वांगी रंगाचा तो लांब बाह्यांचा ड्रेस. बाजूला चेन असलेला. आमच्या शिंप्यानं कमरेत जरा आत घेतला होता. तो घालून तुम्ही बाहेर आलात तेव्हा आम्ही दोघी काही बोललोच नव्हतो."

"तो जुना झाला हो."

"कापड चांगलं आहे. इस्त्री करून घाला. आम्ही तुम्हाला विकलेल्यातलं सगळ्यात चांगलं तेच."

त्या आत गेल्या. चेन काढायला मला बोलावलं नाही. बराच वेळ आत खुडबुड चालली होती, आणि मी पडद्याबाहेर मूर्खासारखी हात बांधून उभी होते. बाहेर आल्या त्या स्वतःच्या कपड्यांत, केस विस्कटलेले. ड्रेस नीट घडी करून माझ्या हातात दिला.

"म्हणजे मला नवं काही घ्यायचंच नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आणि हे आज बंद."

"हो. सोमवारपासून मी खाली आहे. चादरींमध्ये."

त्यांनी पर्स खांद्याला लावली. "चादरी," त्या म्हणाल्या. "एकटीला अशा किती चादरी लागतात हो?"

रागानं म्हणाल्या नाहीत. हिशोब चुकलेल्या मुलीला समजावून सांगावं तसं म्हणाल्या. मग मान हलवली आणि कठड्याला धरून जिना उतरू लागल्या. मी वरून बघत राहिले. खालच्या चादरी ओलांडल्या, दरवाजापर्यंत पोचल्या, दरवाजा आपोआप उघडला.

आमच्या दुकानात नोकरांनी पुढच्या दारानं जायचं नाही, असा थोरल्या मालकांपासूनचा नियम. कामाच्या वेळात तर नाहीच नाही. मी तो हिरवा ड्रेस हातात घेऊनच जिना उतरले, गुडघ्याची पर्वा केली नाही. साहेब टॅबवरून मान वर करून "अहो, अहो" करत राहिले. कुणाला वाटलं असतं, मी ड्रेस पळवून नेतेय.

त्या फुटपाथवर होत्या, सिग्नल पडायची वाट बघत. मी हाक मारली, "बाई!" त्या वळल्या. मला धाप लागली होती. काय बोलायचं ते ठरवलेलंच नव्हतं.

"तुम्ही राहता कुठं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या ड्रेसकडे बघितलं. सिग्नल पडला. बाकीची माणसं रस्ता ओलांडून गेली, त्या थांबल्या.

"का?" त्या म्हणाल्या.

"मंगळवारी माझी सुट्टी असते."

त्यांनी पर्सचा पट्टा सारखा केला. मला वाटलं, झालं, आपण उगाच पायरी सोडली. आता ही बाई काहीतरी गोड बोलेल आणि निघून जाईल, गिऱ्हाइकं जातात तशी. मी परत फिरायच्या बेतात होते.

"मंगळवारी मला काहीच नसतं," त्या म्हणाल्या. "बुधवारीही नसतं."