ढगाच्या पाठीवरची झूल

मी एक जुनी झूल आहे. पण मित्रांनो, पोळ्याच्या बैलावर मिरवते ती आरशांची, गोंड्यांची झूल डोळ्यांपुढे आणू नका. मी आपली गडद हिरवी, जाड्याभरड्या कापडाची, पोटाखालून पट्टे ओढून बांधायची घोड्याची पावसाळी झूल. माझं गाव जर्मनीतलं गेर्लिंगेन. माझं घर म्हणजे तिथल्या टेकडीवरच्या कुरणात उभी असलेली एक म्हातारी पांढरी घोडी. तिचं नाव वोल्के. वोल्के म्हणजे ढग. ढगाला पावसापासून जपायचं, असलं माझं नशीब!

माझा जन्म शिवणयंत्रांच्या खडखडाटात झाला. बाहेरून मला पाणी अडवणारा लेप दिला, आतून मऊ अस्तर लावलं. घोडीच्या मालकीणबाई फ्राउ हेबर्ले मला घेऊन आल्या आणि मी कामाला लागले. वरून पाऊस ताशा बडवायचा, आत वोल्केची पाठ तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखी गरम. काय सुखाचे हिवाळे होते ते!

तरुण घोड्यांना माझी गरज नसते बरं का. थंडी पडली की त्यांचे केस ताठ उभे राहतात, केसांत हवा कोंडते, आणि तीच त्यांची गोधडी. बर्फसुद्धा पाठीवर तसाच बसून राहतो, वितळत नाही. पण वोल्केचं वय झालं. दात झिजले, हाडं वर आली. कोरडी थंडी ती सोसते. वाऱ्याबरोबर येणारा पाऊस मात्र तिला सोसत नाही.

गेल्या शरदात फ्राउ हेबर्ले खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेल्या. जाताना त्यांनी वोल्केला अन्वीच्या हाती सोपवलं. अन्वी बारा वर्षांची. तिचे आईबाबा पुण्याहून इथे नोकरीला आलेले. घरातलं मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर येतं ते जर्मनमध्ये.

"रोज झुलीखाली हात घालून बघत जा," बाईंनी बजावलं.

"जा, जा," अन्वी म्हणाली. जा म्हणजे हो.

दिवाळीच्या तोंडावर माझा एक पट्टा तुटला. शिवायला म्हणून अन्वीने मला घरी नेलं. तिथे पुण्याहून आलेली तिची आजी होती, स्नेहलताआजी. आजीने दाभणाने पट्टा असा शिवला, की दोन घोडे जुंपून ओढले तरी तुटू नये. मग तिने मला हुंगलं.

"शी गं बाई! दिवाळी आली आणि घरात हा वास?"

झालं! पडदे धुतले, उशांचे अभ्रे धुतले, त्यांच्यामागून मीही. इमारतीच्या तळघरातल्या मशिनमध्ये कढत पाणी, ओंजळभर पावडर, वर सुवासिक औषध. मी गरगर फिरत होते आणि माझा लेप माझ्या डोळ्यांदेखत फेसाबरोबर वाहून जात होता.

"आई, घोड्याचं कापड सगळ्यांच्या मशिनमध्ये घातलंस?" अन्वीच्या बाबांनी, उत्कर्षने, कपाळाला हात लावला. "इमारत सांभाळणारा तो हाउसमाइस्टर आपली धिंड काढेल. तीही घोड्यावरून!"

"काढू दे. स्वच्छ कपड्यात काढेल," आजी म्हणाली.

कुरणावर परतले तर जो तो माझं कौतुक करतोय. अगदी नवी दिसते! किती छान वास! मित्रांनो, इतकी वर्षं चिखलात राबले तेव्हा कुणी एक शब्द बोललं नव्हतं. आणि आता, आतून पोकळ झाल्यावर, ही वाहवा! त्या दिवसापासून माझ्या जिवाला चैन नाही. वाऱ्याने पान हललं तरी वाटायचं, आला, पाऊस आला.

आणि तो आलाच. दिवाळी सरली न सरली तोच. आधी बारीक, मग वाऱ्यावर स्वार होऊन आडवा. थेंब माझ्यात शिरू लागले. खांदा भिजला, पाठ भिजली. आता मी पांघरूण उरले नव्हते. मी एक गार, ओला दगड होते, वोल्केचे केस दाबून बसलेला. मी नसते तर तिचे केस निदान उभे तरी राहिले असते! ती थरथरू लागली. मान खाली, एक पाय दुमडलेला. जवळच तीन भिंतींचा गोठा होता, पण तिथवर चालायचंही तिला सुचेना. दुपारी अन्वी धावत आली, बाहेरूनच मला थोपटलं, कुंपणापाशी गवत टाकलं आणि छत्री सावरत वळली.

हात घाल गं! बाई सांगून गेल्यात ना? हात घाल! मी आतल्या आत आक्रोश करत होते. पण झुलीला तोंड कुठे असतं?

रस्त्यावर गाडी उभी होती. गाडीत अन्वीची आई नंदिनी आणि शेजारी आजी. आजीने काच खाली केली.

"अगं, ती अशी का उभी आहे?"

"आई, तुम्ही भिजाल. तिच्या अंगावर झूल आहे ना!" नंदिनी म्हणाली.

"झूल आहे गं. पण झुलीच्या आत काय आहे?"

साडीवर स्वेटर, स्वेटरवर कोट, पायात मुलाचे बूट, अशी आजी चिखल तुडवत आली. तापलेल्या लेकराच्या पाठीला घाम आहे का, हे बघायला घालतात ना, तसाच तिने हात माझ्याखाली घातला.

"अन्वी, ही चिंब झालीय. बर्फासारखी गार पडलीय!"

अन्वीनेही हात घातला. "ओ नाइन," ती पुटपुटली. नाइन म्हणजे नाही. आणि ती रडायलाच लागली.

"रडणं नंतर. आधी पट्टे सोड."

त्यांनी मला उतरवून कुंपणावर टाकलं. अन्वीने वोल्केला पुढून ओढलं, आजीने मागून चुचकारलं, आणि ती एकेक पाऊल टाकत गोठ्यात गेली. पेंढ्याच्या चुंबळी करून दोघी तिचं अंग घासू लागल्या. नंदिनीने घोड्यांच्या डॉक्टरला फोन लावला आणि ऑफिसच्या बुटांनी चिखलातून गवत वाहिलं. गवत पोटात गेलं की घोडा आतून तापतो. तीच त्याची शेगडी. पण वोल्के गवताला तोंड लावेना. आजी घासतच राहिली आणि हळूच गुणगुणू लागली:

*वारा गं झोंबतो, डोंगर ओलांडून*
*माझ्या गं म्हातारीला, ऊब देते मी मांडून.*

मी कुंपणावरून टपटप गळत बघत होते. कान हलला का? हलला. ओठ हलले का? नाही. मग हलले! गवताची एक काडी, मग एक घास. डॉक्टर येईपर्यंत वोल्केची थरथर थांबली होती. त्याने माझं कापड चिमटीत धरून सांगितलं, कढत पाण्यात धुतल्याने लेप गेलाय.

"मीच धुतली गं ती," आजी अन्वीला म्हणाली. अन्वीने ओल्या हातांनी तिचा हात घट्ट धरला.

पुढे बाजारातलं औषध लावून त्यांनी मला पुन्हा लेप दिला. तो पहिल्यासारखा नाही. माझा मलाच भरवसा वाटत नाही. आभाळ भरलं की अजून जीव खालीवर होतो. म्हणून सांगते मित्रांनो, जनावरावर असो की माणसावर, नुसतं पांघरूण घालून निघून जाऊ नका. आत हात घालून बघा.

आजी पुण्याला परत गेली. पण पाऊस लागला की अन्वीच्या फोनवर तिचा चेहरा येतो. झूल घातलीस का, असं ती विचारत नाही.

"हात घातलास का?"

अन्वीचा हात तेव्हा माझ्याखालीच असतो, वोल्केच्या खांद्यावर. आणि ती मराठीत सांगते, "घातलाय, आजी. कोरडं आहे. गरम आहे."