माझ्या कपाळावरचे पाच स्टार

मी एक जुना फ्रीज आहे. वय विचाराल तर जेमतेम चार वर्षं; पण गोदामात वायर गुंडाळून, हँडलला नंबराची चिठ्ठी बांधून उभं केलं की कोणीही जुनाच दिसतो. मित्रांनो, मी चोर नाही, हे आधीच सांगून टाकतो. चोरी माझ्या हातून झाली, रोज झाली, हे खरं. पण मला चोर कोणी बनवलं ते आधी ऐका, मग मला काय म्हणायचं ते खुशाल म्हणा.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. आमच्या आधी तिथे एक थोरला भाऊ बनला होता. त्याच्या भिंतींत चांगला जाड फोम भरला, कॉम्प्रेसर उत्तम बसवला, दाराचं रबर तर दोनदा बदलून पाहिलं. मग त्याला तपासणी कार्यालयात पाठवलं. वर्षाला फक्त एकशे ऐंशी युनिट वीज लागते, असं तिथे ठरलं आणि त्याला पाच स्टार मिळाले. तो पास झाल्यावर आम्हा धाकट्यांची रांग सुरू झाली. आम्हाला फोम पातळ, कॉम्प्रेसर स्वस्तातला. बाहेरून मात्र रंग तोच, हँडल तेच.

लेबल लावणारी बाई माझ्यापाशी थबकली. म्हणाली, "साहेब, ह्यालाही तेच लेबल लावायचं?"

"लाव की! पोट फाडून कोण बघायला बसलंय?" सुपरवायझर म्हणाला.

तिने ते माझ्या कपाळावर ठेवलं आणि अंगठ्याने कडा दाबत नीट बसवलं. मला वाटलं, माझं कौतुक चाललंय. कालचं पोर मी, मला काय कळतंय!

त्या वर्षी सरकारने एक योजना काढली होती. वीज खाणारा जुना फ्रीज द्या आणि पाच स्टारचा नवा सवलतीत न्या. योजना चांगलीच होती, तिला मी नावं ठेवणार नाही. तिच्यातूनच मी एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आलो. घरात चार माणसं: आजोबा, त्यांचा मुलगा, सूनबाई आणि आठवीतली नात. आजोबांनी छत्तीस वर्षं नोकरी केली ती दुकानांतली वजनमापं तपासण्याची. मला आत आणल्यावर त्यांनी चष्मा पुसून माझं लेबल मोठ्याने वाचलं आणि माझ्या दारावर थाप मारली. "गुणी दिसतोय गडी," म्हणाले. ती थाप मी अजून विसरलेलो नाही.

दिवसभर घरात आम्ही दोघंच असायचो. रोज सकाळी ओलं फडकं घेऊन ते माझ्या दाराचं रबर पुसायचे, महिन्यातून एकदा मागची धूळ झाडायचे. भाजी गार झाल्याशिवाय माझ्या पोटात ठेवू द्यायचे नाहीत. माझी घरघर ऐकून म्हणायचे, "कामसू आहे बिचारा, क्षणभर बसत नाही." आणि मी लाजेने आणखी घरघरायचो. मित्रांनो, चांगला फ्रीज मधूनमधून गप्प बसतो. गारवा धरला की थांबतो. मला थांबताच यायचं नाही. पातळ भिंतींतून गारवा निसटायचा आणि मी ऊर फुटेस्तोवर धावत राहायचो.

पहिलं बिल आलं तेव्हा सगळे मोठ्या आशेने टेबलाभोवती जमले. युनिट कमी व्हायच्या ऐवजी वाढले होते. दुसऱ्या महिन्यातही तेच.

"फ्रीज तर वीज वाचवतोय. मग वाढतंय कुठून?" मुलगा म्हणाला.

झालं! घरात वीजबचतीचं वारं शिरलं. इस्त्री आठवड्यातून एकदाच. टीव्ही बटणावरून बंद. बल्ब बदलून कमी वॅटचे आणले. गीझर दहा मिनिटं, त्यावर नातीने गजर लावला. सगळं शहाण्यासारखंच केलं हो त्यांनी. त्यांच्या बचतीचे युनिट मी एकटा गिळत होतो, आणि वर सूनबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्याकडे तेवढा हा फ्रीजच काय तो शिस्तीचा." अशा कौतुकाने अंगाला आग लागते. माझ्या डाव्या बाजूला हात लावून पाहिला असता तर ती आग त्यांनाही कळली असती.

मग संशय माणसांवर आला. दिवसभर घरात कोण असतं? आजोबा.

"बाबा, बाथरूमचा दिवा परत चालू होता का?"

"नाही रे. मी स्वतः बंद केला."

"तुम्हाला वाटतं बंद केला असं."

मुलगा वाईट नव्हता. आवाजही चढवला नव्हता त्याने. पण आजोबांचा चेहरा पडला तो पडलाच. नातीला ते बघवलं नाही. तिने कागदावर चौकटी आखल्या: बाथरूम, बोळ, पंखा, टेबलावरचा दिवा. चुंबकाने तो कागद कुठे लावला असेल? माझ्याच दारावर! आजोबा एकेक बटण बंद करून यायचे आणि माझ्यासमोर उभं राहून बरोबरची खूण करायचे. महिनाभर एक चौकट चुकली नाही. त्यांच्या निर्दोषपणाचा कागद माझ्या छातीवर होता आणि गुन्हेगार त्या कागदाच्या मागे. बोलता आलं असतं तर मी गळा काढून ओरडलो असतो.

त्याच सुमाराला वीज कार्यालयाने घरोघरी तपासणी सुरू केली. एक बाई आल्या, हसतमुख आणि कामाला वाघ. प्लग आणि बोर्डाच्या मध्ये बसवायचं एक छोटं यंत्र त्यांच्याकडे होतं. त्यांनी इस्त्री मोजली, टीव्ही मोजला, टेबलफॅन मोजला, आजोबांचा टेबलावरचा दिवासुद्धा मोजला. मग त्या माझ्याकडे वळल्या. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, सुटलो एकदाचा!

"त्याला राहू द्या," मुलगा म्हणाला. "पाच स्टार आहे तो."

"हो, आणि लेबल असलं की आम्हाला लेबलावरचाच आकडा लिहायचा असतो. फॉर्मच तसा आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी एकशे ऐंशी लिहिलं आणि पान उलटलं. यंत्र माझ्यापासून हातभर अंतरावर होतं, मित्रांनो. हातभर!

शेवटी बेरीज केली. महिन्याला तीस युनिटांचा हिशेब लागेना. त्यासाठीही फॉर्मवर एक रकाना होता, 'वापराच्या सवयी'. बाईंनी तीस युनिट त्यात भरले. सगळ्यांची नजर आजोबांच्या खुर्चीकडे गेली.

त्यानंतर आजोबा बदलले. बटण बंद करून आले की पुन्हा मागे जाऊन बघायचे. पुन्हा यायचे, पुन्हा जायचे. एकदा कागदावर खूण करताना त्यांचा हात थांबला आणि ते हळूच म्हणाले, "केला होता ना मी बंद?" ते मला विचारत होते. छत्तीस वर्षं लोकांचे काटे तपासणारा माणूस स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवेनासा झाला. त्या आठवड्यात माझ्या दारावर दुसरा कागद लागला. विसराळूपणाच्या तपासणीसाठी डॉक्टरांनी दिलेली वेळ, गुरुवार, अकरा वाजता.

बुधवारी तिघं सकाळीच आपापल्या कामाला गेले. आजोबा बराच वेळ त्या दोन कागदांसमोर उभे राहिले. एकावर महिनाभराच्या बिनचूक खुणा, दुसऱ्यावर उद्याची वेळ. मग एकदम म्हणाले, "वेड लागायचं तर लागू दे, पण आधी काटा बघू!"

त्यांनी घरातलं एकेक बटण बंद केलं. टीव्हीचा प्लग काढला, मोबाइलचा चार्जरही काढला. मग बोळातल्या मीटरसमोर स्टूल घेऊन बसले. सगळं घर बंद, तरी मीटरचा तांबडा दिवा लुकलुकतच होता, तोही भराभर. आजोबा उठले आणि सरळ माझ्याकडे आले. त्यांनी माझा प्लग उपसला. पुन्हा मीटरपाशी गेले. लुकलुक थांबली होती.

ते परत आले, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. माझ्या कपाळाकडे पाहत म्हणाले, "अरे, तू होय?"

तेवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

प्लग परत लावून त्यांनी मीटरचा आकडा टिपून घेतला. चोवीस तास होईपर्यंत घरात दुसरं काहीही लावू दिलं नाही. संध्याकाळी मुलगा चिडला, "आता हे काय नवीन, बाबा?" नात मात्र मेणबत्ती शोधायला पळाली. गुरुवारी सकाळी मीटरवर दीड युनिट पुढे सरकलेलं होतं. लेबलाप्रमाणे जेमतेम अर्धं युनिट सरकायला हवं होतं. दिवसाला एक युनिट जास्त, महिन्याचे तीस. रकान्यातले तेच तीस, आजोबांच्या नावावर लागलेले.

मुलाने आकडे दोनदा ताडून पाहिले. मग माझ्या दारावरचा डॉक्टरांचा कागद काढून बारीक बारीक फाडला आणि तुकडे मुठीत धरून उभा राहिला. "बाबा, चुकलं माझं," म्हणाला.

आजोबा म्हणाले, "तू लेबलावर विश्वास ठेवलास. मीही ठेवला, आणि मला तर सगळं ठाऊक होतं. दुकानाच्या काट्यावर शिक्का असला तरी आम्ही वजन टाकूनच बघायचो. न सांगता जायचो."

मग तक्रार झाली, चौकशी झाली. कंपनीने लेखी कळवलं, "हा एखादा बिघडलेला नग असावा." वाचलंत? ज्यांनी माझ्या भिंती पातळ केल्या, त्यांनीच मला बिघडलेला ठरवलं! तेव्हा घरी मोजायला आलेल्या त्याच बाईंनी हट्ट धरला आणि कार्यालयाने कोणाला न कळवता वेगवेगळ्या दुकानांतून माझे दहा भाऊ विकत आणले. दहाही माझ्यासारखेच निघाले. आता नियम बदललाय. कंपनीने पाठवलेला नमुना चालत नाही, दुकानातून उचलून तपासतात. फॉर्मही बदललाय, लेबल असो नसो, मोजायचंच.

मला तपासणीला न्यायला टेम्पो आला त्या सकाळी आजोबा ओलं फडकं घेऊन आले. मला वाटलं, शेवटचं एकदा रबर पुसतील. त्यांनी फक्त लेबल पुसलं, चौकशीच्या फोटोत आकडा स्वच्छ यावा म्हणून. फडकं घडी करून आत निघून गेले. मला राग आला? आला. त्यांचा नाही.

तपासणीच्या दालनात मला महिनाभर मोजलं. तिथल्या माणसाने खोटं लेबल खरवडलं आणि त्या फिकट चौकोनावर पेनाने माझा खरा निकाल लिहिला. एक स्टार. एकच आहे, पण माझा आहे.

मित्रांनो, आमची काळजी घ्या. भिंतीपासून थोडं दूर ठेवा, रबर पुसा, गरम भांडं पोटात कोंबू नका. पण एवढ्यावर थांबू नका. एखाद्या दुपारी सगळी बटणं बंद करा, मीटरसमोर बसा आणि आम्हाला एकेकाला मोजा. आमच्या कपाळावर काय लिहिलंय ते वाचून आम्हाला शाबासकी देऊ नका. मला पहिल्याच दिवशी कोणी मोजलं असतं, तर त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एका फ्रीजला विचारावं लागलं नसतं, "केला होता ना मी बंद?"

केला होता, आजोबा. रोज केला होता.