अर्ध्या झांजेचा उत्तररंग

मित्रांनो, मी एक जुनी झांज आहे, आणि तीही अर्धीच. माझी जोडीदारीण नर्मदेच्या तळाशी आहे. एकटी झांज वाजत नाही, नुसती लटकते. इंदूरच्या एका फुटबॉल मैदानाशेजारच्या खोलीत मी खिळ्याला लटकलेली असते आणि चेंडू भिंतीवर आदळला की अंगभर थरथरते.

आम्हा दोघींचा जन्म मल्हारगंजातल्या एका कासाराकडे झाला. एकाच काशाच्या रसातून त्यानं आम्हाला ओतलं, घासलं आणि एकमेकींशी सूर जुळेपर्यंत सोडलं नाही. चिंतामणकाकांनी आम्हाला घरी आणलं. पोटासाठी ते वीज कचेरीत जात, पण जीव सगळा कीर्तनात. बुवांच्या मागे उभे राहून ते आम्हाला वाजवत, तेव्हा समईची ज्योतसुद्धा डोलतेय असं वाटे.

निवृत्त झाल्यावर काकांनी देवळामागच्या मैदानात गल्लीतल्या मुलांना गोळा केलं. दोन विटांचा गोल आणि एक शिवलेला चेंडू. शिट्टी फुंकायला दमा आड यायचा, म्हणून खेळ सुरू करायला आम्हालाच नेलं. नाव ठेवलं नारद क्लब. खेळाचा पहिला भाग पूर्वरंग, दुसरा उत्तररंग. मध्यंतराला, कीर्तनात लावतात तसा, काका प्रत्येकाच्या कपाळाला काळा सुवासिक बुक्का लावत. समोरच्या संघालाही.

"क्या भिया, मॅच आहे का सत्यनारायण?" पाहुणे प्रशिक्षक हसत.

"प्रसाद पण आहे ना," काका म्हणत. "थांबा, दोन-चार गोल वाढतो."

क्लब वाढत गेला. मुली आल्या. सांवेरची मुलं बसनं येऊ लागली. भंवरकुआंला शिकणारा समीर त्यांना शिकवू लागला. विटा गेल्या, लोखंडी खांब आले. कस्तुरी गोल राखायची. तिच्यासारखी उडी त्या मैदानावर कुणी मारली नसेल.

एका दुपारी तिच्या हातून सोपा चेंडू सुटला. काका रागावले. मध्यंतराला ती रुसून आपल्या गोलापाशीच पाठ करून उभी राहिली. काकांनी सगळ्यांना बुक्का लावला, पुन्हा डबीत बोट बुडवलं आणि तिच्याकडे निघाले. धाप लागली म्हणून लिंबाखालच्या खुर्चीत टेकले. आम्ही त्यांच्या डाव्या हातात होतो. तो हात हळूहळू गार झाला, हे आधी आम्हालाच कळलं. त्या दिवशी उत्तररंग झालाच नाही.

सुनीताकाकू अस्थी घेऊन ओंकारेश्वरला गेल्या. "तिथं ह्यांना झांज कोण देणार? एक ह्यांना, एक मुलांना," म्हणाल्या आणि माझी जोडीदारीण अस्थींबरोबर पाण्यात सोडली. किती मायेनं केलं होतं ते. एकटी वाजत नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

तेव्हापासून काकू मैदानावर आल्या नाहीत. लिंबाखालच्या खुर्चीत कुणी बसत नाही. मध्यंतर झालं की वारा पडतो, आणि डबी काकूंच्या घरी बंद असतानाही बुक्क्याचा वास येतो. कस्तुरी हातमोजे काढते. उत्तररंगाला ती उभी राहत नाही. विचारलं तर एवढंच म्हणते, "माझा बुक्का राहिलाय."

यंदा आमच्याच मैदानावर अंतिम सामना होता. उत्तररंगात तिच्या जागी उभ्या राहणाऱ्या गोलरक्षकाचं बोट मोडलेलं. समीरनं मला आणून खुर्चीला अडकवलं होतं. मध्यंतराला कस्तुरीनं मोजे काढले.

"यार कस्तुरी, आज तरी. गोल उघडा टाकू का?" समीर म्हणाला.

"भिया, मला जमत नाही. ते तिकडून निघालेत असंच वाटतं. मग माझे हात उठत नाहीत."

समीर धावत जाऊन काकूंना घरून घेऊन आला. काकूंच्या हातात तीच डबी होती.

"इकडे ये गं."

"काकू, सगळ्यांना लावला, माझाच राहून गेला."

"राहिला नव्हता. तो यायचा होता," काकू म्हणाल्या. "घरी आणलं तेव्हा ह्यांच्या बोटाला बुक्का होता. मी पुसू दिला नाही कुणाला. मला वाटलं देवासाठी असेल. समीरनं आत्ता वाटेत सांगितलं, तू कशाला थांबलीस ते."

त्यांनी बोट बुडवून तिच्या कपाळाला टेकवलं. मग मला खुर्चीवरून काढून हातात घेतलं, क्षणभर माझी रिकामी बाजू पाहिली, आणि गोलापाशी जाऊन लोखंडी खांबावर मला आपटलं. आवाज बोदा निघाला. मला लाज वाटली.

पण लगेच लिंबाखालून उत्तर आलं. स्वच्छ, ओलं, लांबलेलं. मुलांनी माना वळवल्या. खुर्ची रिकामीच होती. तो सूर मी ओळखते, एका भट्टीतला आहे. काकूंनी हात जोडले. कस्तुरीनं मोजे चढवले.

सामना आम्ही हरलो. पण कस्तुरी शेवटपर्यंत उभी होती.

मित्रांनो, तुमचा खेळ ज्यानं सुरू करून दिला, तो मधूनच उठून गेला तर खेळ अर्ध्यावर सोडू नका. तो जाताना तुमच्याकडेच निघालेला असतो. आणि जमलं तर मला अधूनमधून चिंच लावून पुसत जा. मध्यंतराला तिकडून हाक येते. त्या वेळी अंगावर काळिमा नको वाटतो.