जिंकत राहिलेला शर्ट

लाकडी चिमटा, एका बाजूनं काळपटलेला, स्प्रिंग जराशी वाकडी, आणि त्याच्या तोंडात पांढऱ्या कापडाची कड – जुसेलीला आधी फक्त चिमटाच दिसला, म्हणजे तिनं तेवढाच बघितला, कारण खाली काय टांगलंय ते तिच्या नाकाला डोळ्यांच्या आधी कळलं होतं. मग पांढरं कापड. मग खांद्याची निळी पट्टी, खाली लोंबणारी, कारण आई शर्ट नेहमी उलटे, डोकं खाली करून वाळत घालते. मग आठ. 8 ह्या आकड्याचं बरं असतं, उलटा टांगला तरी 8च राहतो... आणि त्या आठाच्या टोकाकडून पाणी टिपटिप गळत होतं, खाली सिमेंटवर ओला गोल झाला होता, आणि अख्ख्या मागच्या अंगणात नारळाच्या साबणाचा वास. नुसता साबणाचा.

धुतला.

तिनं तो शब्द मनात दोनदा म्हणून बघितला, म्हणजे अर्थ बदलतो का ते. नाही बदलला.

आणि आज मी बोलणार होते. खरंच, आज सकाळी, कॉफी पिता पिता, आईला सांगणार होते की आई, ऐक, क्लबला दुसरा शर्ट देऊ, अगदी तसाच शिवून घेऊ, वर छताला टांगल्यावर कुणाला काय कळणारे, पण पिशवीतला राहू दे. एवढंच. सेउ आबीलियो – सेउ म्हणजे श्रीयुत – येऊन गेले तेव्हापासून रोज रात्री हे वाक्य घोकत होते मी. गावच्या बास्केटबॉल क्लबचा, सांता लुसिलाचा, सगळा कारभार आबीलियोच बघतात, नेहमी घामेजलेले, नेहमी घाईत. ते आले, आईनं केलेला मक्याचा केक खाल्ला आणि आईला म्हणाले, दोना ओदेते, सांता लुसिलानं ठरवलंय, ग्लाऊचा नंबर आता कुणालाच द्यायचा नाही, सीझनच्या पहिल्या मॅचला तिचा शर्ट हॉलच्या छताला चढवायचा, कायमचा, आणि तो खराच हवा, फायनलचा, तुमच्याकडेच आहे ना. त्यांचा कप रिकामा व्हायच्या आत आई हो म्हणाली होती. डोळे पुसत, हसत. आणि जुसेली त्याच टेबलाशी बसून केकचे कण बोटानं गोळा करत राहिली, कारण काय सांगणार – की मी त्या शर्टाचा वास घेते?

घेतेच. म्हणजे घ्यायची.

ग्लाऊ. माझी मोठी बहीण. ग्लाऊसिमारा हे नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर, बाकी सगळ्या देशाला ती गार्सा म्हणून ठाऊक – गार्सा म्हणजे बगळी. कारण तिचे ते पाय, आणि फ्री थ्रोच्या रेषेवर उभी राहिली की ती डावा पाय हळूच टाचेवरून उचलायची, मग बोटांवरूनही, आणि एका पायावर, बगळी तळ्यात उभी असते ना तशी, बॉल सोडायची. कोचनं कितीदा सांगितलं असेल, पोरी, दोन पाय दिलेत देवानं. पण बॉल आत जायचा, मग कोच तरी काय बोलणार. पंधराव्या वर्षी राजधानीतल्या क्लबनं नेली. मग हंगेरीत दोन हिवाळे, तिथून फोनवर सांगायची, जुसे, इथे हॉलच्या बाहेर श्वास सोडला की दिसतो, मी माझ्याच श्वासाशी गप्पा मारते. मग देशाचा पिवळा शर्ट, मग ते ब्राँझ मेडल, आमच्या रस्त्यावर लोकांनी भांडी वाजवली होती, मग गुडघा. गुडघ्यानंतर टीव्हीवरचे सगळे म्हणाले संपली. आणि ती घरी आली, उसाच्या शेतांमधल्या ह्या गावात, जिथे साखर कारखान्याच्या मळीचा वास उशांमध्येसुद्धा शिरतो, आणि म्हणाली, संपायचंच असेल तर घरी संपते, जेवण तरी बरं मिळेल.

तेव्हापासून गावाला ती सवय लागली. ग्लाऊ फ्री थ्रोला उभी राहिली की अख्खा हॉल एक पाय उचलायचा. सगळे. ढोलवाले थांबायचे, म्हातारे एकमेकांचे खांदे धरायचे, पाववाली झुलेइदे तिच्या त्या अवाढव्य देहानिशी एका पायावर डुलत, आणि बॉल आत पडला की दोन हजार पाय एकदम खाली – तो आवाज, धप्प – पाहुण्या टीमच्या मुली घाबरायच्या.

आणि शर्टाचं असं आहे की आमच्यात शर्ट घरीच न्यायचा असतो, आणि जिंकत असलो तर धुवायचा नाही. सगळ्याच जणी करतात, ड्रेसिंग रूमच्या वासाचं तर विचारूच नका. जिंकलेला शर्ट तसाच वाळवायचा, तसाच घालायचा, हरलं की मग टोपलीत. त्या वर्षी ग्लाऊ हरलीच नाही. फायनलच्या दिवशी तिच्या अंगात ताप होता, फ्लू असेल म्हणाली, निघताना दारात उभी राहून संत्रं खाल्लं आणि हात शर्टालाच पुसले, आणि शेवटचे दोन पॉइंट रेषेवरून, एका पायावर. घरी आली, शर्ट काढून खुर्चीवर टाकला. आई उचलायला गेली तशी म्हणाली, "हात लावू नकोस. तो अजून जिंकतोय. पुढच्या सीझनला ह्याच्यावरच सुरू."

पुढचा सीझन आला तेव्हा ती मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात होती, रक्ताचं काहीतरी, आणि त्याच्या पुढचा आला तेव्हा कुठेच नव्हती.

शर्ट मात्र हरला नव्हता. जुसेलीनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली, कपाटात खाली, जुन्या बुटांच्या मागे ठेवला. आणि स्वतःच्या मॅचच्या दिवशी सकाळी ती गाठ जराशी सोडायची, एक श्वास, पुन्हा गाठ. चिक्कूपणानं, वास संपेल म्हणून. संत्र्याचं साल, गुडघ्याचं ते कापराचं मलम, घाम, आणि सगळ्यात मागे काहीतरी आंबूस, गरम... तो ताप होता. त्या शर्टाला आमच्या आधी माहीत होतं. आम्ही केक कापत होतो आणि शर्टाला माहीत होतं.

"उठलीस?" आई दारात आली, हात ॲप्रनला पुसत. हात कोपरापर्यंत लाल झालेले, सुरकुतलेले – किती वेळ धुतलाय, पहाटेपासून धुतला असणार. "बघ तरी किती पांढरा निघालाय. गळ्यापाशी पिवळा पडला होता गं, आणि काखेत. असा चढवायचा होय गावासमोर? लोक म्हणाले असते, ओदेतेला पोरीचा एक शर्ट धुता येत नाही."

जुसेलीच्या तोंडात एक वाक्य आलं. भयंकर होतं. तू तिला दुसऱ्यांदा... एवढंच आलं, पुढचं तिनं येऊ दिलं नाही, दातांनी धरून ठेवलं, आणि ते वाक्य मग दिवसभर तिथेच राहिलं, गालाच्या आत, बीसारखं.

"छान निघालाय," ती म्हणाली.

आई आभाळाकडे बघत होती. आज नदीकडचा ऊस पेटवणारेत म्हणे, राख यायच्या आत शर्ट काढायला हवा. आमच्याकडे तोडणीच्या दिवसांत असंच असतं, काळी राख केसांसारखी बारीक होऊन उडत येते आणि नेमकी पांढऱ्या कपड्यांवर बसते. म्हणून अर्धवट ओलाच काढला तिनं, आणि इस्त्रीखाली वाळवला. चर्र आवाज झाला आणि वाफ उठली, आणि जुसेली काहीतरी शोधायचं निमित्त करून टेबलाशी वाकली. वाफेत तोंड घातलं. असेल, धाग्यात कुठेतरी उरला असेल, गरम केल्यावर वर येईल... नारळाचा साबण. परत एकदा. नारळाचा साबण.

"भाजेल तोंड," आई म्हणाली.

दुपारी तिनं संत्रं खाल्लं, कारण मॅचच्या दिवशी खायचंच असतं, ग्लाऊनं लावलेली सवय, आणि डब्यातलं मलम गुडघ्याला चोळलं. गुडघा दुखत नव्हता. डबा ग्लाऊचाच, तळाशी थोडंसं उरलेलं.

हॉलकडे चालत निघाल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. आईनं निळा ड्रेस घातलेला, शर्ट पातळ कागदात गुंडाळून दोन्ही हातांवर आडवा धरलेला, बाळ धरतात तसा, आणि जुसेलीला ते बघवेना म्हणून ती दोन पावलं पुढे चालत होती. कोपऱ्यावरच्या बारमधून नेहमीचा कुणीतरी ओरडला, काय गं गार्सिन्या – गार्सिन्या म्हणजे पिल्लू बगळी, मी, दुसरं नाव मला ह्या गावात मिळालंच नाही – आज बॉल आत टाकणार की रिंगला नुसती टकटक करून येणार? एरवी तिनं काहीतरी सुनावलं असतं. आज हात केला फक्त. तर तो बिचारा गडबडला, त्यानं टोपी काढली, आणि मग आईच्या हातातला कागद बघून बारमधले सगळेच उठून उभे राहिले.

चौक ओलांडल्यावर आई म्हणाली, "पाणी मी मोरीत नाही सोडलं."

"कसलं पाणी?"

"शर्टाचं. पहिलं पाणी. टब धरून उभी राहिले कितीतरी वेळ, ओतवेना. मग पेरूला घातलं." ती चालतच होती, समोर बघत. "साबण होता गं त्यात. झाड मरेल का?"

जुसेली थांबली. आई पुढे गेली, मग तीही थांबली, पण वळली नाही. म्हणजे तिलाही माहीत होतं. पिशवीची गाठ... ती गाठ मी सोडायचे तेव्हा कधी कधी वेगळीच बांधलेली वाटायची मला, जास्त घट्ट, आणि मी म्हणायचे माझाच भास. दोघी जणी. एकाच कपाटापाशी, पाळीपाळीनं, एकमेकींना न सांगता, थोडं थोडं संपवत होतो तिला. आणि मग तिनंच... पण तिला विचारायचं कसं की मग का धुतलास? की लोकांसाठी? की तिला आता सहन होत नव्हतं ते उघडणं, गाठ मारणं, उघडणं?

"नाही मरणार," जुसेली म्हणाली. "पेरू चिवट असतो."

हॉल भरलेला. आबीलियो माइकवर काय बोलले ते तिच्या कानावरून गेलं, हंगेरी, ब्राँझ, आपली लेक, आपली बगळी. दोरी होती, कप्पी होती, शर्ट आडव्या दांडीला अडकवलेला. आई आणि जुसेली, दोघींनी दोरी धरली. आणि तेव्हा जवळून तिला दिसलं – आठाच्या खाली, शिवणीपाशी, राखेचा एक बारीक काळा धागा बसलेला. वाटेत कागदात शिरला असणार. फुंकर मारली असती तर गेला असता. तिनं नाही मारली.

शर्ट वर जायला लागला तसे ढोल थांबले, आणि आधी एक, मग दहा, मग सगळेच... अख्खा हॉल एका पायावर. म्हातारे एकमेकांचे खांदे धरून. झुलेइदे डुलत, रडत. आईनं पण पाय उचलला, दोरी धरून, लटपटली, जुसेलीच्या दंडाला धरलं. आणि सगळे तसेच उभे, कारण पाय खाली कधी ठेवायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. पूर्वी बॉल आत पडायचा. आता काय पडणार? शर्ट छताशी जाऊन थांबला, जरासा फिरला, आणि लोक एकेक करत, इकडे तिकडे, हळूच पाय टेकत गेले. धप्प झालंच नाही.

टीम हरली. फारच वाईट हरली. जुसेलीला दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून टाकले, एक गेला, एक रिंगवर टकटक करून आला. वर बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं आणि नाही बघितलं.

ड्रेसिंग रूममध्ये सगळ्या शर्ट काढायला लागल्या. बेंचवर तिच्या शेजारी नेहमी तायनारा बसते, टीममधली सगळ्यात उंच, सगळ्यात तोंडाळ, आणि आज ती टोपली घेऊन एकेकीसमोर फिरत होती. ओले शर्ट धप धप पडत होते. जुसेलीनं आपला शर्ट वर ओढला, डोक्यावरून काढायला, आणि चेहरा आत असताना, कापडाच्या त्या गरम पांढुरक्या अंधारात, ती थांबली.

संत्र्याचं साल. कापूर. घाम.

"ए गार्सिन्या," बाहेरून तायनारा म्हणाली, "हरलोय आपण. टाक इकडे, हरलेला धुवायचा असतो."

हा वास माझा की तिचा... ती श्वास रोखून राहिली, मग अगदी थोडा घेतला, चिक्कूपणानं. हाच होता का? का ह्याच्यात ते मागचं, आंबूस, काहीतरी कमी होतं? आणि ते कसं होतं नेमकं – सकाळपर्यंत माहीत होतं, आता आठवायला गेलं की हाच वास पुढे येत होता, स्वतःचा, आणि ताडून बघायला जगात कुठेच काही उरलं नव्हतं, एक पेरूचं झाड सोडून. दोन्ही हात वर, कोपरं कानांपाशी, चेहरा झाकलेला. डावा पाय केव्हा उचलला गेला होता ते तिला कळलंच नव्हतं.

"जुसे?" तायनाराचा आवाज बदलला.

"थांब ना," जुसेली आतून म्हणाली. पण ते तायनाराला म्हणाली की आणखी कुणाला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.