बिनमालकीचं मीठ

ऊन तापायच्या आत बासिलिसाने दोन टोपल्या मीठ खरवडून काठावर लावलं होतं. तेवढ्यात पांढरी गाडी आली आणि लाल झेंड्यांचा भारा घेऊन मोजणीदार उतरला. एका महासागरातला माल रुळावरून थेट दुसऱ्या महासागराला नेणार, त्यासाठी तेहुआंतेपेकच्या या खाडीकाठी कंटेनर रचायला आवार हवं, असं तो काठावर झेंडे रोवता रोवता गोड बोलून सांगू लागला.

गोड बोलणाऱ्यावर बासिलिसाचा मुळात भरवसा नव्हता. तिचा नवराही गोड बोलायचा. त्याने काय दिवे लावले ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

ही जमीन कोणाची, असं मोजणीदाराने विचारलं.

"कुनाचीबी न्हाई," ती म्हणाली.

तिच्या आईने, आजीने हेच शिकवलं होतं. मीठ उन्हावाऱ्याचं, ज्याला लागेल त्याने न्यावं. जी बाई इथे 'माझं' म्हणेल, तिची टोपली बाकीच्या पालथी घालतील आणि मग जन्मात तिने इथे पाय ठेवायचा नाही.

मोजणीदाराचा चेहरा मात्र उजळला. त्याने तिचं नाव विचारून घाईघाईने काहीतरी लिहिलं, वर दोन्या, दोन्या, म्हणजे बाईसाहेब, बाईसाहेब करत आभारही मानले. ते आभार तिला खटकले. उगाच कोण कोणाचे आभार मानतं? तिने सुनेला हाक मारली.

"ओब्दुलिया, ह्यानं काय खरडलंय, वाच बघू."

सून त्याच्या खांद्याआडून वाचू लागली. "पडीक जमीन. मालक न्हाई. घ्यायला हरकत न्हाई. आन् खाली तुमचंच नाव लिवलंय, आत्याबाई."

"खोड ते."

"दोन्या, तुम्हीच तर म्हणालात," मोजणीदार हसला. "कोणी हक्क सांगितला तर मोजणी थांबवीन, सुनावणी होईल. पण एक माणूस पाहिजे, एक नाव. 'सगळ्यांची' असा रकाना माझ्या कागदात नाही."

तिने त्याला परोपरीने समजावलं, मग त्याच्या सात पिढ्या काढल्या. रकाना काही उघडला नाही. भोवती बायका जमल्या होत्या. प्रत्येकीची नजर आपापल्या टोपलीवर. दुसरी कोणीतरी बोलेल, याची प्रत्येकजण वाट बघत होती.

"लिही," बासिलिसा म्हणाली. "माझी हाय."

"सगळी?"

"ह्या काठापास्नं त्या काठापातुर. माझ्या एकटीची. आता उपट तुझी झेंडी."

कुरकुरत त्याने मोजणी थांबवल्याचं लिहिलं, झेंडे उपटले आणि गेला. गाडीची धूळ खाली बसायच्या आत शेजारीण सेनोरिना पुढे आली. बासिलिसानेच टोपल्या तिच्याकडे सरकवल्या. दोन्ही पालथ्या झाल्या.

दुसऱ्या दिवसापासून ओब्दुलिया एकटीच मिठाला जाऊ लागली. आठव्या दिवशी तिने ओंजळभर मीठ आणून सासूपुढे धरलं. बासिलिसाने चिमूट जिभेवर ठेवली.

"रेती हाय ह्यात. खरवडायचं कवा शिकनार गं तू?"

असं म्हणून तिने ती ओंजळ आपल्या हातात घेतली आणि एक खडा खाली न सांडता मासळीला मीठ चोळायला बसली.